कोरा रकाना

आमच्या गल्लीत अजून सांगतात की मी कॉम्प्युटर इंजिनिअर होतो. खोटं आहे. मी सातवी पास. गाव उंब्रजजवळ. पंधरा वर्षं फौजेत सिग्नलला वायरलेस सेट उघडून बसलो, आणि सुटून आल्यावर सांगलीत एका संस्थेच्या गणकयंत्र केंद्रात मिस्त्री म्हणून लागलो. यंत्र पुसायचं, तेल द्यायचं, पट्टे बदलायचे, बंद पडलं की उघडायचं, एवढं माझं काम. तरी त्या यंत्राबरोबर आलेल्या भाषेतली एक चूक मी शोधून काढली, हे खरं आहे. दिवाळी अंकाच्या लोकांनी ती गोष्ट कुणाकडून तरी ऐकली आणि लिहा म्हणाले. लिहितो. पण त्यांनी ऐकली ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी मलाच सांगायला पाहिजे, कारण ती सांगू शकणारं दुसरं माणूस गेल्या श्रावणात गेलं.

ते माणूस म्हणजे शालन, माझी बायको. आम्ही दोघं एकाच केंद्रात कामाला होतो. ती मॅट्रिक, माझ्यापेक्षा चार इयत्ता पुढं. लग्नात सासऱ्यांनी हे माझ्या बापाला दोनदा ऐकवलं होतं.

आधी यंत्राचं सांगतो. मुंबईत कुणीतरी वापरून सोडलेलं यंत्र आमच्याकडं आलं होतं. एक खोली भरून. आत गारवा ठेवणारं मशीन, बाहेर चपला काढून जायचं. गावाकडचे लोक बघायला आले की दारातच हात जोडायचे. आत्ताच्या पोरांच्या खिशातल्या फोनला जेवढी अक्कल आहे तिच्या रुपयात पैसाभरही त्याला नसेल. त्याला टीव्हीसारखा पडदा नव्हता. त्याला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डातून सांगायचं. एका कार्डात ऐंशी उभे रकाने. रकान्यात कुठं भोक आहे त्यावरून अक्षर नाहीतर आकडा ठरायचा. भोकं पाडायचं काम बायकांचं, त्याला पंचिंग म्हणायचे. शालन पंचिंगला होती. तिच्याबरोबर आणखी दोघी. एकीनं पंच केलेलं कार्ड दुसरीनं तपासायचं, बरोबर असेल तर यंत्र कार्डाच्या कडेला एक खाच पाडायचं. खाच असलेलं कार्ड म्हणजे दोन बायकांनी शपथ घेतल्यासारखं.

मग कार्डांचा गठ्ठा रीडरमध्ये लावायचा. रीडर म्हणजे कार्ड वाचणारं मशीन. फर्रर्र करून कार्डं एका तोंडानं आत, दुसऱ्यानं बाहेर. पण रीडर फक्त भोकं बघतो. त्या भोकांचा आकडा करून तो यंत्राच्या डोक्यात योग्य जागी ठेवायचा, ते काम भाषेबरोबर आलेलं असतं. हे जरा समजून घ्या, पुढं लागेल. स्वयंपाकाला बसलेली बाई रोज मसाला कुटत नाही, डब्यातला घेते. तसं प्रोग्रॅम लिहिणारा फक्त 'वाच' एवढं लिहितो. कसं वाचायचं ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. अशा तयार कामांच्या साठ्याला लायब्ररी म्हणायचे. आमच्याकडं ती कार्डांच्या चार ट्रेमध्ये होती. आता डब्यातल्या मसाल्यात खडा असेल तर तो प्रत्येक कालवणात दाताखाली येणार. आमच्या डब्यात खडा होता. तीन वर्षं कुणाच्या दाताला लागला नाही, याचं कारण शालन.

आमच्याकडं मोठं काम होतं कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्याच्या ऊसतोडणीचं. कुणाचा ऊस कधी तोडायचा याची यादी यंत्र काढून द्यायचं. आधी ती यादी गट ऑफिसातून हातानं निघायची आणि ज्याचा पाहुणा संचालक त्याचा ऊस आधी तुटायचा. यंत्राला पाहुणे नाहीत, म्हणून लोक खूश होते. हिशोब सोपा. नवी लागण असेल तर लागणीची तारीख. मागच्या वर्षी तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस असेल, म्हणजे खोडवा, तर मागच्या तोडणीची तारीख. कार्डावर दोन्हीला वेगळे रकाने. यंत्र आधी खोडव्याचा रकाना बघायचं. तिथं तारीख असली तर ती धरायची, शून्य असलं तर लागणीची धरायची. ज्याचा ऊस जुना त्याचा नंबर आधी.

गावोगावचे चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद करणारे कारकून, फॉर्म भरून पाठवायचे. ज्याचा खोडवा नाही त्याचा तो रकाना ते कोरा सोडायचे. शालन कोऱ्या रकान्यात शून्यं पाडायची. प्रत्येक कार्डावर सहा शून्यं. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "कशाला बोटं झिजवतीस?"

ती म्हणाली, "पानात भाजी नसली तरी मीठ वाढत्यात का न्हाई? कोरी जागा ठिवली की बघणाऱ्याला कळत न्हाई, वाढायचं राह्यलंय का वाढायचंच न्हवतं."

तिचं बघून त्या दोघीही शून्यं पाडायला लागल्या. तीन हंगाम असे गेले.

आणीबाणी उठली त्या साली आमच्याकडं नवे प्रमुख आले, बर्वेसाहेब. माणूस हुशार, शिकलेला, चिडायचा नाही. घड्याळ लावून त्यांनी पंचिंगच्या तिघींच्या बोटांचे ठोके मोजले आणि म्हणाले, ह्यात फुकट वेळ जातो, ही शून्यं बंद करा. शालन त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, रकाना मोकळा राहील."

"राहू दे की. भाषेच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, कोरा रकाना म्हणजे शून्य. यंत्राला दोन्ही सारखंच."

"बघितलंय का कुणी?"

साहेब हसले. मला म्हणाले, "मेकॅनिक, एक कोरं कार्ड घाला." मी घातलं. यंत्रानं कागदावर शून्य छापलं. साहेबांनी तो कागद फाडून शालनच्या हातात दिला. "घ्या. फ्रेम करून लावा."

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं शून्यं बंद केली. ती हंगामी होती, कायम करायचा कागद दिवाळीनंतर निघणार होता. आमच्या घरातलं तेव्हाचं सगळं बोलणं त्या कागदाभोवती फिरायचं. कायम झाली की आपलं घर, असं तिनं ठरवलं होतं. खिडक्या किती हेसुद्धा ठरलं होतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, सुतार रंधा पुजतो. फौजेत आम्ही रायफली पुजायचो. केंद्रातही यंत्राची पूजा झाली. बर्वेसाहेब बाहेर उभं राहून म्हणाले, करा काय करायचं ते, पण आत ओलं काही नेऊ नका. नारळ दाराबाहेर फोडला. शालननं हळदकुंकू आणलं होतं. तिनं पंचिंगच्या टेबलाच्या पायाला बोट लावलं आणि मला म्हणाली, "यंत्राला नगं. बाहेरच्या पत्र्याला लावा, नाहीतर राहू द्या."

मी म्हणलं, "तोंडाला लावल्याबिगर पूजा कसली." आणि रीडरच्या तोंडाला, कार्डं जिथं आत जातात तिथं, चिमूटभर कुंकू लावलं. कोरडं होतं. मला वाटलं, चिकटून बसेल.

दसऱ्यानंतर आठ दिवसांत तोडणीची यादी निघाली आणि कारखान्याला गेली. चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिंदुराव आण्णा आले. कऱ्हाडच्या अलीकडचे बागायतदार, धोतर, लाल पटका, आणि खांद्यावर तीन ऊस, शेंड्याला पांढरे तुरे. शिपायानं अडवलं तर त्याला म्हणाले, "सरक गड्या, मशिनीला निवद आणलाय." आणि चपला न काढता आत येऊन तिन्ही ऊस यंत्राच्या टेबलावर आडवे टाकले.

बर्वेसाहेब म्हणाले, "अहो, हे काय?"

"तुमच्या मशिनीला म्हणावं, चाखून बघ. ह्यो ऊस आडसाली हाय. गेल्या साली आषाढात लावलाय, तुरा आलाय. मशीन म्हणतंय कवळा हाय, फागणात तोडा. फागणापातूर उभा राह्यला तर आतनं वाळून दशी पडंल. मग त्येच्या काय दोऱ्या वळू?"

साहेबांनी यादी बघितली, मग आण्णांचा फॉर्म बघितला. फॉर्मवर लागणीची तारीख बरोबर. यादीत भलतीच. पंचिंगच्या तिघींना बोलावलं. शालननं कार्ड काढून दाखवलं. खाच होती. कार्ड बरोबर होतं.

"कार्ड बरोबर, मग यंत्र चुकलं?" साहेब म्हणाले. "यंत्र चुकत नसतं. मेकॅनिक, रीडर उघडा."

मी रीडर उघडला. आत, भोकं बघणाऱ्या काचेच्या कडेला, लाल भुकटी.

सगळ्यांनी बघितली. मग आण्णाच बोलले, "कुणाच्या नावाचं कुंकू लावलंय रं हिनं?"

बर्वेसाहेब शालनकडं वळले. "हळदकुंकू तुम्हीच आणलं होतंत ना?"

"व्हय," ती म्हणाली. एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. त्यात लिहिलं होतं की रीडरमध्ये कुंकू सापडलं, ते पंच ऑपरेटर श्रीमती अमुक यांच्या निष्काळजीपणामुळं गेलं, आणि यादीतल्या चुका त्यामुळं झाल्या. खाली मेकॅनिकची सही पाहिजे होती. इंग्रजीत होतं. साहेबांनी मराठीत समजावून सांगितलं, त्यांनी लपवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, तिला काय होईल?"

"कायमचा कागद थांबेल. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा. तुम्हाला काही होणार नाही."

मी सही केली. का केली, ते चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी वेगवेगळं सांगत आलोय. फौजेत साहेबानं कागद पुढं केला की सही करायची, विचारायचं नाही, हे एक. दोघांच्या नोकऱ्या जाण्यापेक्षा एक तरी राहू दे, हे दुसरं. दोन्ही खरी आहेत. पण तिसरं असं, की बोट माझं होतं, आणि ते कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ती असती तर इथंही लिहिलं नसतं.

घरी गेल्यावर तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली, "आण्णांच्या ओळीत जी तारीख आलीया ती कुणाची हाय?"

"कुणाची म्हणजे? चुकीची हाय."

"चुकीची न्हाई. त्यांच्या वरच्या ओळीतल्या माणसाची हाय. दिवस, महिना, साल, जशीच्या तशी. मी यादीत बघून आलीया." मग भाकरी उलटली. "कुंकवाला शेजाऱ्याची तारीख कशी ठाऊक?"

मी म्हणलं, "आता तू मला मशीन शिकवू नगंस."

माणसानं आयुष्यात बोललेली वाक्यं परत घेता आली असती तर मी फौजेतल्या शिव्याही तशाच ठेवल्या असत्या, हे एक परत घेतलं असतं.

ती दुसऱ्या दिवसापासून घरी बसली. मी रीडर पुसून लख्ख केला. साहेब म्हणाले, कार्डांनाही कुंकू लागलं असेल, सगळी नव्यानं पंच करा. त्या दोघींनी रडत कुढत सगळा गठ्ठा पुन्हा केला. कारखान्याचा बॉयलर पेटायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, आठवडा राहिला होता. नवी कार्डं, स्वच्छ रीडर, दुसऱ्याच बायकांचे हात. यादी निघाली. आण्णांच्या ओळीत परत तीच तारीख, शेजाऱ्याच्या खोडव्याची.

साहेब म्हणाले, "म्हणजे ह्या दोघींनाही नीट येत नाही." त्यातली एक म्हणाली, "साहेब, खाच हाय." तर म्हणाले, "मग चिटबॉयचा दोष." त्यांचं बोट सगळीकडं फिरत होतं. मी यादी घेऊन कोपऱ्यात बसलो आणि पहिल्यांदाच नीट बघितली. आण्णा एकटे नव्हते. जिथं जिथं खोडव्याच्या माणसाखाली लागणीचा माणूस होता, तिथं तिथं वरच्याची तारीख खाली उतरली होती. एकाखाली एक पाच लागणवाले असले तर पाचही जणांना तीच. पंगतीत पहिल्याचं उष्टं पान उचललंच नाही, आणि पुढच्या पाच जणांना त्याच पानावर बसवलं, तसं.

कचऱ्यानं आकडा बिघडतो. कचरा शेजारधर्म पाळत नाही. तिनं भाकरी थापताना जे सांगितलं ते कळायला मला नऊ दिवस लागले.

रविवारी दुपारी मी किल्ली घेऊन एकटा केंद्रात गेलो. बरोबर एक वही घेतली. ती वही शालनच्या हातची. यंत्राचं पुस्तक इंग्रजीत, मला येत नव्हतं, म्हणून सुरुवातीच्या वर्षी तिनं त्यातले सगळे हुकूम मराठीत उतरवून दिले होते. अमक्या आकड्याचा अर्थ 'उचल', तमक्याचा 'ठेव', 'मिळव', 'वजा कर', 'उडी मार'. सोळा पानं. वायरलेसचा माणूस ठोके ऐकून अक्षर ओळखतो, तसा मी ती वही आणि यंत्राचे दिवे जोडून जोडून हळूहळू वाचायला शिकलो होतो. पुण्याहून कंपनीचा माणूस यायचा, त्याच्या मागं उभं राहूनही बरंच उचललं होतं.

तीन कार्डं लावली. पहिल्यावर तारीख, दुसरं कोरं, तिसऱ्यावर दुसरी तारीख. साहेबांनी त्या दिवशी एकच कोरं कार्ड घालून बघितलं होतं. एकट्या कार्डाला मागचं कोणी नाही, त्याला उष्टं कुठून येणार. शून्यच येणार.

यंत्राला एक बटण होतं. ते दाबलं की यंत्र एकच पाऊल टाकायचं आणि थांबायचं. दिवे सांगायचे आता डोक्यातल्या कुठल्या घरात आहे आणि काय करतंय. मी पाऊल पाऊल चाललो. पहिलं कार्ड वाचलं: एक एक रकाना उचल, मिळव, उचल, मिळव, शेवटी आलेला आकडा ठरलेल्या घरात ठेव. बरोबर. मग कोरं कार्ड. आधी यंत्रानं हात, म्हणजे आकडा तात्पुरता धरायची जागा, मोकळा करून त्यात शून्य घेतलं. मग तपासलं, सगळे रकाने कोरे आहेत का. आहेत. तर मग मोजत बसायला नको, शेवटाला उडी मार. उडी मारली. आणि ती उडी 'ठेव' या हुकुमाच्या एक पाऊल पुढं पडली.

एवढंच होतं. हातात शून्य घेतलेलं, पण ठेवायचं राहिलं. घरात मागच्याचीच तारीख. ज्यानं हे लिहिलं तो कुठल्या देशातला, त्याच्याकडं कोऱ्या रकान्याचं कार्ड कधी कुणी दिलं होतं का, देव जाणे. उडीच्या हुकुमात शेवटचा एक आकडा एकानं जास्त होता.

मी तीनदा चाललो. तिन्ही वेळा तिथंच पडली. मग खुर्चीत बसलो. आनंद झाला का म्हणाल तर झाला. मिस्त्रीला चूक सापडली की होतोच. पण थोड्या वेळानं ध्यानात आलं की ही चूक तीन वर्षं तिच्या सहा शून्यांखाली झाकलेली होती. रकाना कोरा राहिलाच नाही तर उडी कशाला मारायची.

सोमवारी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "लायब्ररी चुकीची? तुम्ही सातवी पास, आणि ती कुठल्या माणसांनी लिहिलीय माहीत आहे?"

म्हणलं, "माणसांनी लिहिलीया, एवढं माहीत हाय."

त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला असं कधी ऐकलं नाही, वर कळवतो, दोनेक महिने लागतील. बॉयलर तीन दिवसांवर होता. साहेबांनी माझ्यासमोर ती तीन कार्डं स्वतः लावून बघितली. मग बराच वेळ चष्मा पुसला. "दुरुस्ती किती मोठी?"

"एक कार्ड बदलायचं. त्यावरचा एक आकडा."

लायब्ररीतलं ते कार्ड जसंच्या तसं नव्यानं पंच करायला पाहिजे होतं, आकडा तेवढा बदलून. मी दोन बोटांनी बसलो, तीन कार्डं वाया घालवली. त्या दोघी म्हणाल्या, आम्हाला भीती वाटते, पुन्हा आमच्यावर यायचं. मग मी सायकल काढली आणि घरी गेलो.

शालन अंगणात गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सुपातला खडा काढून बाजूला ठेवला.

"म्हणजे कुंकू न्हवतं."

"न्हवतं."

"साहेबाला सांगितलं का, कुणाचं बोट हुतं?"

मी सायकलच्या घंटीवरची धूळ पुसली.

"बरं," ती म्हणाली, आणि उठून पदर झटकला. "चला. आण्णांचा ऊस वाळंल."

ती केंद्रात आली तेव्हा चपला काढून, पाहुण्यासारखी दारात उभी राहिली. साहेब म्हणाले, "या, या." ती तिच्या जुन्या जागेवर बसली. मी एक एक रकाना वाचत गेलो, ती पाडत गेली. शेवटाला तिनं विचारलं, "फुडचं रकानं?"

"कोरं ठेव. हे हुकुमांचं कार्ड, ह्यावर शून्य चालत न्हाई."

तिची बोटं शून्याच्या बटणावर टेकलेली होती. तिथंच थोडी थांबली, मग उचलली. "ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणून."

कार्ड ट्रेमध्ये घातलं, यादी काढली. आण्णा सातव्या नंबरवर आले. त्यांचा ऊस पहिल्याच आठवड्यात तुटला. पुढं त्यांनी काकवीचा डबा पाठवला, मशिनीसाठी म्हणून. बर्वेसाहेबांनी चार जणांना सांगितलं की आमच्या मेकॅनिकनं लायब्ररी दुरुस्त केली. तिथून ती गोष्ट पसरली आणि मी गल्लीत इंजिनिअर झालो.

आणि तो कागद फाइलमध्ये राहिला. मी साहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, फाइल वर गेलीय, आता कशाला उकरता, पुढच्या हंगामात त्यांना बोलवू की. बोलावलं खरंच. ती म्हणाली, "त्या कागदावरची तुमची सही काढून आणा, मी येते." मी दुसऱ्यांदा विचारायला गेलो नाही. विचारलं असतं तर बोट कुणाचं हे सांगावं लागलं असतं. ती परत गेली नाही. शिवणाचं मशीन घेतलं, गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. घर पुढं बांधलं, खिडक्या तिनं ठरवलेल्यापेक्षा दोन कमी. त्या विषयावर ती कधी बोलली नाही. टोमणासुद्धा नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

एवढंच की घरात कुठला फॉर्म आला, रेशनचा, शाळेचा, गॅसचा, तर तो तीच भरायची आणि एक रकाना कोरा सोडायची नाही. लागू नसेल तिथं 'नाही' लिहायची. नाहीतर शून्य.

श्रावणात ती गेली. आठ दिवसांनी मी नगरपालिकेत नोंद करायला गेलो. खिडकीत एक तरुण कारकून, समोर कॉम्प्युटर. नाव, वय, पत्ता विचारला. भराभरा टाइप करत होता. मग पडदा माझ्याकडं वळवून म्हणाला, "आजोबा, बघून घ्या, बरोबर आहे का."

मी चष्मा लावला. मृताचा व्यवसाय, त्यापुढं कोरं होतं.

म्हणलं, "हे राह्यलंय."

"ते राहू द्या. कोरं असलं तरी चालतं. कॉम्प्युटर घेतो."

"घेतो, माहीत हाय. लिहा."

"बरं, गृहिणी लिहू?"

"पंच ऑपरेटर लिहा."

तो थांबला. "म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरला खायला घालायची ती."

"कधी होत्या कामाला?"

"तुमचा बाप शाळेत असंल तवा."

मागं रांग होती. एक जण म्हणाला, आवं आजोबा, उरका की. कारकुनानं माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं. मराठीत लिहिलं, नीट. मग कागद छापून खिडकीतून बाहेर सरकवला आणि खाली जागा दाखवली, माहिती देणाऱ्याची सही.

मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग सही केली.